स्केट्सवरचा रोबो: आधी गुडघे, मग चंदेरी कागद

स्केटिंगच्या कार्यक्रमासाठी रोबोचा पोशाख करतोयस, छान! पण माप स्केट्स घालून, गुडघे वाकवूनच घे. सरळ उभं राहून घेतलेलं माप स्केटिंग रिंकवर दगा देतं. धडाचा खोका कमरेच्या वरच संपव. खाली गेला की वाकता येत नाही आणि तोल मागे जातो. हात घालायची भोकंही मोठी काप.

आपल्या रत्नागिरीच्या दमट हवेत पुठ्ठा लवकर मऊ पडतो. मी आंब्याची पुठ्ठ्याची पेटी वापरतो: जाड असते, हवेसाठी भोकंही आयती. पुठ्ठ्यातल्या पन्हळी (आतल्या नागमोडी घड्या) उभ्या ठेव, आतून-बाहेरून ऑइलपेंटचा हात दे, पुरता वाळू दे, मगच फॉइल चिकटव. हातापायांना मात्र फोमच घे. पडलास तर तो दबतो, पुठ्ठ्याची कड कापते.

डोक्यावर खोका अजिबात नको, बाजूचं काही दिसत नाही. हेल्मेटलाच चंदेरी कागद टेपने लाव; रंग किंवा थिनर नको, त्याने कवच कमकुवत होऊ शकतं. अँटेना स्ट्रॉची कर, तारेची कधीच नाही. गुडघ्यांचे पॅड आतून घाल. पाठीला वेल्क्रो ठेव, म्हणजे पडल्यावर दुसऱ्याला खोका झटक्यात सोडवता येईल.

कार्यक्रमाआधी दोन संध्याकाळी पूर्ण पोशाखात सराव कर, विशेषतः थांबण्याचा.