समुद्राकाठचे दहा गुंठे की बेसा रोडचा प्लॉट?

प्रश्न नागपूरच्या 58 वर्षांच्या गृहस्थांचा. निवृत्तीचे 45 लाख येणार आहेत, राहते घर स्वतःचे. कोकणात गुहागर तालुक्यात समुद्राजवळ दहा गुंठे 30 लाखांत मिळताहेत. तिथे घर बांधून होमस्टे चालवायचा विचार. नाहीतर तेवढ्याच पैशांत नागपुरातच बेसा रोडला प्लॉट. दलाल म्हणतो, "सीआरझेडचं टेन्शन नाही, आता फक्त 50 मीटर सोडायचे."

दलाल खोटे बोलत नाही, अर्धे बोलतो. सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, समुद्रकाठच्या बांधकामावर बंधने असलेला पट्टा. त्याच्या 2019 च्या अधिसूचनेत 50 मीटरची सवलत दाट वस्तीच्या ग्रामीण भागाला आहे. 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोक हवेत. विरळ वस्तीच्या गावाला भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र. तिथे बाहेरच्या माणसाचे नवे घर उठत नाही. होमस्टेची मुभा आहे ती स्थानिकांना, तीही त्यांच्या जुन्या घरात, जोते न वाढवता. नागपूरहून गेलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही.

आता हिशोब. दहापैकी सहा गुंठे त्या पट्ट्यात गेले, तर बांधण्याजोगे उरले चार. गुंठ्याचा भाव तीन लाख नव्हे, साडेसात लाख पडला. 200 मीटरच्या पुढेही 500 मीटरपर्यंत सीआरझेड असतेच, म्हणजे परवानगीची फेरी चुकत नाही. शिवाय सातबारा शेतीचा असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर खरेदीखतच अडते.

तरीही मन तिकडेच ओढत असेल, तर मोजणीचा नकाशा घेऊन 1:4000 च्या मंजूर किनारा आराखड्यावर अधिकृत संस्थेकडून जागेची आखणी करून घ्या. ती हाती येईपर्यंत इसार देऊ नका. दिलाच, तर इसारपत्रात 'बांधकामयोग्य क्षेत्र इतके न भरल्यास रक्कम परत' हे कलम हवे.

नागपुरात सीआरझेड नाही, पण पाणी आहे. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांमधल्या घरांत पाणी शिरले. नदी-नाल्याजवळचा प्लॉट असेल तर पूररेषा विचारा: निळ्या, म्हणजे नदीजवळच्या रेषेच्या आत बांधकाम नाही; निळी आणि तिच्या बाहेरची लाल यांच्यामध्ये जोते उंच घेण्याची अट. एनए-टीपी (बिगरशेती आणि नगररचना मंजुरी) आणि आरएल (प्लॉट मोकळा केल्याचे रिलीज लेटर) दोन्हींची मूळ प्रत पाहा. 'आरएल होऊन जाईल' हे वाक्य ऐकून पैसे देऊ नयेत.

माझे मत विचाराल तर 30 लाखांना दोन्ही नकोत. हजार फुटांचे घर दोन हजारांच्या दराने धरले तरी आणखी 20 लाख लागतात, म्हणजे 45 लाखांतही भागत नाही. 55 नंतर निवृत्त होणाऱ्याला पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खाते उघडता येते, मर्यादा 30 लाख. 8.2 टक्के दर धरला तर तिमाहीला 61,500 रुपये. उरलेल्या 15 लाखांतले पाच आजारपणाला बाजूला ठेवा. दहा लाखांत शहराबाहेर आरएल असलेला छोटा प्लॉट मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर राहू द्या. कोकणात जायचे तेव्हा कुणाच्या तरी होमस्टेत भाड्याने राहा.