लशी कमी असतील तर आधी कोणाला द्यायच्या, हे गणिताने ठरवता येतं का?

हो, येतं. आणि त्यासाठी कोण कोणाला भेटतं याची अख्खी यादी लागत नाही. मी एम.एस्सी.च्या वर्गाला हा विषय शिकवते. फळ्यावर मांडते तोच हिशेब इथे देते.

करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली साथीची समीकरणं मांडली आणि मुंबईतल्या १९०५-०६च्या प्लेगच्या मृत्यूंशी ती ताडून पाहिली. त्यात धरलंय की कोणीही कोणालाही सारखंच भेटतं. खऱ्या वस्तीत तसं नसतं.

समजा, वस्ती १०० जणांची. ९० जणांचा संबंध प्रत्येकी २ माणसांशी. किराणा दुकानदार, रिक्षावाले, अंगणवाडीताई अशा १० जणांचा प्रत्येकी २० जणांशी. सरासरी ३.८. एका संबंधातून लागण व्हायची शक्यता २० टक्के धरा. सरासरीने एक रुग्ण ०.७६ जणांना आजारी पाडतो, म्हणजे साथ विझायला हवी. पण आजार ज्याच्यापर्यंत पोचतो तो बहुधा खूप लोकांत वावरणाराच असतो. ओळखी कशाही विखुरलेल्या आहेत असं मानून हे हिशेबात घेतलं, की लागण झालेल्या माणसाचे पुढचे संबंध सरासरी १०.५ भरतात आणि एका रुग्णामागे २ हून जास्त नवे रुग्ण येतात. वस्ती तीच, आजार तोच, पण साथ भडकते!

आता लस. चिठ्ठी काढून माणूस निवडलात तर तो त्या १० जणांपैकी असण्याची शक्यता १० टक्के. त्याऐवजी चिठ्ठीत आलेल्याला विचारा, "रोजच्या भेटीतल्या कोणाचंही एक नाव सांगा," आणि लस त्या नावाला द्या. शक्यता थेट ५३ टक्क्यांच्या आसपास जाते, कारण संबंधांची ३८० टोकं मोजली तर २०० त्या दहांकडेच आहेत. कोहेन, हॅवलिन आणि बेन-अव्राहम यांनी २००३ मध्ये ही युक्ती मांडली. मला ती मनापासून पटते: ना मोबाइलचा माग काढायचा, ना कोणाची खासगी माहिती गोळा करायची.

साथ आधीच पसरली असेल तर मात्र रुग्ण शोधून त्याच्याभोवतीच्यांना टोचायचं. देवीचा शेवट आपल्याकडे १९७५ मध्ये असाच झाला.

एक अट विसरू नका. लस संसर्ग रोखत नसेल, फक्त आजाराची तीव्रता कमी करत असेल, तर वरचा हिशेब बाजूला ठेवा आणि आधी ज्येष्ठांना, दुखणाइतांना द्या.