कठोर सरावामुळे येणारा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोबायोटिकने कमी होतो का?

मॅरेथॉनच्या तयारीत आठवड्याला 70-80 किलोमीटर धावत असताना ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (फ्री रॅडिकल्स, म्हणजे शरीरात तयार होणारे अतिक्रियाशील रेणू, वाढल्याने पेशींवर येणारा ताण) कमी व्हावा म्हणून प्रोबायोटिकची, म्हणजे उपयुक्त जिवंत जिवाणूंची, कॅप्सूल घ्यावी, की घरचे दही पुरेल, असे आपण विचारले आहे. मी स्वतः लांब पल्ल्याचे धावतो आणि याच शंकेपोटी या विषयावरचे शोधनिबंध वाचले आहेत. त्यांवरून माझे मत असे झाले आहे की कॅप्सूल घ्यायचीच असेल तर ती पोटासाठी घ्यावी, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेससाठी नव्हे.

आपल्या प्रश्नाशी थेट संबंध असलेला अभ्यास इटलीतला असून तो 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात 12 खेळाडूंना चार आठवड्यांच्या कठोर सरावाच्या काळात लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस आणि लॅक्टोबॅसिलस पॅराकेसी या जिवाणूंचे दोन ठरावीक स्ट्रेन (उपप्रकार), रोज सुमारे 1 अब्ज जिवाणू या प्रमाणात, देण्यात आले, आणि त्यांच्या रक्तातील अँटिऑक्सिडंट क्षमता, म्हणजे फ्री रॅडिकल्सना निष्प्रभ करण्याची ताकद, वाढलेली आढळली. मात्र तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या 12 जणांना काहीच दिलेले नव्हते, दिसायला सारखी अशी निष्क्रिय गोळीसुद्धा नाही, ही त्या अभ्यासातली मोठी उणीव मला वाटते.

2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑस्ट्रियातील संशोधकांनी तुलनेच्या गटाला असा निष्क्रिय पर्याय देण्याची काळजी घेतली. सराव असलेल्या 23 पुरुषांवर 14 आठवडे झालेल्या त्या चाचणीत आतड्याच्या अस्तराची गळती दर्शवणारे झोन्युलिन हे प्रथिन प्रोबायोटिक घेणाऱ्यांमध्ये स्पष्टपणे घटले, पण ऑक्सिडेशनच्या खुणांमधला फरक निर्णायक नव्हता. मला हे सुसंगत वाटते, कारण जोरात धावताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते, आतड्याला ते कमी पडते, आणि तिथले अस्तर सैल झाले की जिवाणूंचे विषारी अंश रक्तात शिरून दाह वाढवतात. प्रोबायोटिकचा उपयोग झालाच तर तो याच ठिकाणी होण्याची शक्यता अधिक आहे.

शिवाय व्यायामात तयार होणारी फ्री रॅडिकल्स सर्वस्वी घातक नसतात, त्यांच्याच इशाऱ्यावर स्नायू सरावाशी जुळवून घेतात. जर्मनीतील 2009 च्या एका अभ्यासात रोज 1000 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि 400 युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये, व्यायामामुळे इन्सुलिनच्या कार्यात व्हायला हवी होती ती सुधारणा झालीच नाही. प्रोबायोटिक म्हणजे जीवनसत्त्वाची गोळी नव्हे, हे खरे. तरीही रक्तातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा आकडा खाली आणणे हेच उद्दिष्ट ठेवू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

घरचे दही आणि ताक अवश्य घ्यावे, ते उत्तम अन्न आहे. पण विरजणात नेमके कोणते जिवाणू आणि किती आहेत हे माहीत नसल्याने या अभ्यासांतले निष्कर्ष त्याला लावता येत नाहीत. लांब धावताना पोट बिघडत असेल आणि म्हणून आपण कॅप्सूल घेणार असाल, तर वेष्टनावर स्ट्रेनचे पूर्ण नाव आणि जिवाणूंची संख्या छापलेली आहे ना हे पाहावे, आणि सुरुवात शर्यतीच्या निदान महिनाभर आधी करावी, कारण पहिल्या काही दिवसांत पोट फुगण्याचा त्रास होऊ शकतो.