जुन्या कागदांच्या खोक्यात टॅग ठेवून ओल कळते का?

तुम्ही विचारलंय की जुन्या दस्तऐवजांना बॅटरी नसलेले आरएफआयडी टॅग (चिप आणि अँटेना असलेली छोटी चकती, जी रीडर नावाच्या यंत्राच्या रेडिओ लहरींवर चालते आणि त्याला उत्तर देते) लावले तर खोकं न उघडता ओल कळेल का. कळते, पण टॅग मूळ कागदाला अजिबात चिकटवू नका. गोंद कागदात मुरतो, डाग पडतो आणि टॅग काढताना कागदाचे तंतू सोबत उपटून येतात, ते परत बसवता येत नाहीत. टॅग ॲसिड-फ्री टिपकागदाच्या पट्टीवर लावा आणि ती पट्टी खोक्यात ठेवा, म्हणजे पट्टी जी ओल पिते तीच आपण मोजतो.

आता हे चालतं कसं, तर पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (विद्युत क्षेत्रात पदार्थ किती ऊर्जा साठवतो त्याचं माप) 80 च्या आसपास आणि कोरड्या कागदाचा जेमतेम 2-3, त्यामुळे पट्टीत थोडं जरी पाणी वाढलं तरी अँटेनाची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी (ज्या लहरीला अँटेना सगळ्यात चांगला प्रतिसाद देते ती) खाली सरकते, ट्यूनिंग बिघडतं आणि चिप जागी व्हायला जास्त पॉवर लागते. रीडरची पॉवर पायरीपायरीने वाढवत न्यायची, टॅग पहिल्यांदा उत्तर देतो तो आकडा वहीत लिहायचा. बस.

मी सुरुवातीला रीडर हातात धरून मापं घ्यायचो, रोज वेगळा आकडा, आणि मला वाटायचं कागदच बदलतायत! बदलत होतं ते माझं अंतर आणि हाताचा कोन. मग रीडरसाठी रॅकवर पक्की जागा केली आणि शेजारी एक टॅग प्लास्टिकमध्ये सीलबंद करून ठेवला, ज्याला ओल लागतच नाही. त्याचा आकडा हलला तर गडबड सेटअपमध्ये आहे असं समजायचं आणि त्या दिवशीची मापं सोडून द्यायची.

दुसरं, कागद ओल घेताना आणि सोडताना एकाच वाटेने जात नाही, हवेतली आर्द्रता तीच असली तरी कागदातलं पाणी वेगळं असू शकतं, म्हणून टॅगवरून थेट आर्द्रतेचे टक्के काढायला जाऊ नका. त्यासाठी खोलीत एक चांगला लॉगर, म्हणजे आर्द्रता सतत नोंदवणारं यंत्र, हवाच. टॅगचा खरा उपयोग म्हणजे भिंतीला लागून असलेलं खालचं एखादं खोकं बाकीच्यांपेक्षा वेगळं वागतंय हे लवकर कळतं, लॉगर खोलीच्या मध्यावर 50 टक्के दाखवत असतो आणि त्या खोक्यात बुरशीची तयारी चाललेली असते, आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की ती धरण्याचा धोका वाढतो.

ॲसिडची वाफ ओळखणारे लेप लावलेले टॅगही असतात, पण असे बरेच लेप ओलीलाही प्रतिसाद देतात, सध्या त्यात पडू नका. त्यासाठी रंग बदलणाऱ्या पट्ट्या पुरतात.

तुमचे रॅक लोखंडी आहेत का ते सांगा, कारण धातूला टेकलेला साधा टॅग नीट वाचलाच जात नाही, मग पट्टी खोक्यात कुठल्या बाजूला ठेवायची ते ठरवू.