एगॉन म्युलर एकदाच जगज्जेता झाला, तरी जर्मनीत त्याचं एवढं नाव का?

तुम्ही विचारलंय की इव्हान मॉगरसारखे सहा-सहा वेळा स्पीडवेचे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींचे, जगज्जेते झालेले लोक असताना, एकदाच जिंकलेल्या म्युलरचं जर्मन लोकांना एवढं काय कौतुक. मी नोकरीनिमित्त उत्तर जर्मनीत राहतो. इथल्या एका सहकाऱ्याने मला पहिल्यांदा शर्यतीला नेलं आणि वाटेत गाडीत म्युलरपुराण लावलं, तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता.

आधी खेळ समजून घ्या, त्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. मोटारसायकलला 500 सीसीचं एक सिलिंडर, इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. हो, नाहीच. चार जण, लंबगोल मातीचा ट्रॅक, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवतात. गाडी तिरकी, पुढचं चाक उजवीकडे वळलेलं आणि डाव्या पायाच्या बुटाखाली लावलेली पोलादी पट्टी मातीवरून घासत चाललेली. मिनिटभरात खेळ खलास. पहिल्याला 3 गुण, मग 2, 1 आणि शेवटच्याला भोपळा. सुरुवातीला समोर आडवी ताणलेली टेप वर जाते त्या क्षणी क्लच सोडण्यात जो चुकला, त्याला पुढच्या मिनिटात ती चूक निस्तरायला फारशी जागा मिळत नाही.

म्युलर कीलचा, जन्म 1948 चा. त्याचं खरं राज्य होतं लाँग ट्रॅकवर. हा स्पीडवेचा थोरला भाऊ म्हणा: ट्रॅक बहुतेकदा हजार मीटरच्या आसपास, गाडीला दोन गिअर आणि वेग भलताच. 1974, 1975 आणि 1978 अशी तीन जागतिक विजेतेपदं त्याने तिथे मिळवली. जर्मनीत या प्रकाराला नेहमीच जास्त मान, त्यामुळे इथले चांगले चालक तिकडेच वळायचे. छोट्या ट्रॅकचं, म्हणजे स्पीडवेचं, विद्यापीठ त्या काळी ब्रिटनची लीग होती. जगातले बहुतेक अव्वल चालक तिथे आठवड्यातून तीन-चार रात्री शर्यती मारत. म्युलर तिकडे फार रमला नाही. 1973 मध्ये कोटब्रिज आणि 1976 मध्ये हल या क्लबांकडून, एवढीच त्याची ठळक हजेरी. थोडा नट माणूस होता. केस वाढवायचा, झगमगीत पोशाख घालायचा, गाण्याच्या रेकॉर्डही काढल्या. ती गाणी सहकाऱ्याने मला ऐकवली. गाडी उत्तम चालवायचा, एवढंच म्हणतो.

आता 4 सप्टेंबर 1983. तेव्हा जगज्जेतेपद आजच्यासारखं वर्षभराच्या ग्रांप्रीच्या गुणांवर ठरत नसे, एकाच दिवशी ठरे. ती अंतिम फेरी पहिल्यांदाच जर्मनीत होती, उत्तर समुद्राजवळच्या नॉर्डनला, हाल्बेमोंडच्या ट्रॅकवर. (हाल्बेमोंड म्हणजे अर्धा चंद्र. गावाचं नाव असं आणि तिथे माती उधळत गाड्या पळतात!) आदल्या वर्षीचा विजेता अमेरिकेचा ब्रूस पेनहॉल लॉस एंजेलिसला किताब जिंकून लगेच निवृत्त झाला होता, टीव्हीवर अभिनय करायला. त्यामुळे गादी रिकामी होती. म्युलर तेव्हा 34 वर्षांचा.

अंतिम फेरीची मांडणी अशी असे: 16 चालक, 20 हीट (म्हणजे चौघांची एकेक छोटी शर्यत), प्रत्येकाच्या वाट्याला 5. या हीट अशा बेतलेल्या असत की प्रत्येक जण उरलेल्या प्रत्येकाशी बरोबर एकदा भिडे, आणि सुरुवातीची जागाही आलटून पालटून मिळे. म्हणजे कोणी 15 पैकी 15 गुण मिळवले, तर त्याने समोरच्या पंधराही जणांना हरवलेलं असतं. म्युलरने नेमके पंधरा मिळवले. दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा बिली सँडर्स 12 वर, तिसरा इंग्लंडचा मायकेल ली 11 वर. ली तर 1980 चा जगज्जेता.

‘घरच्या मैदानावर जिंकला’ असं नाक मुरडणारे भेटतात. मैदान घरचं होतं, प्रेक्षक घरचे होते, हे खरंच. पण घरच्या प्रेक्षकांसमोर हातपाय गळालेले खेळाडू आपण क्रिकेटमध्ये कमी पाहिलेत का? पाच वेळा टेपपाशी उभं राहायचं आणि पाचही वेळा पहिलं यायचं, तेही छोट्या ट्रॅकवर रोज पोट भरणाऱ्यांसमोर, यात ओळखीच्या मातीची मदत मी एखाद्या हीटपुरती मान्य करेन. मॉगर मोठा की म्युलर, हा वादच नाही. मॉगरच मोठा. पण त्या एका दिवसात म्युलरने कोणाचंच देणं ठेवलं नाही.

शिवाय त्याच्याआधी कोणी जर्मन स्पीडवेचा वैयक्तिक जगज्जेता झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही. कार्ल मायर, गेर्ड रिस हे लाँग ट्रॅकवर म्युलरपेक्षाही जास्त वेळा जिंकले, रिस तर तब्बल आठ वेळा. छोट्या ट्रॅकवर मात्र ते जमलं नाही. ग्रांप्रीची एखादी फेरी जिंकणारा पहिला जर्मन मिळायला 2014 उजाडलं: मार्टिन स्मोलिन्स्की, तेही थेट न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला.

इकडे कधी आलात तर एखादी शर्यत जरूर बघा. फक्त माझ्यासारखे हौसेने वळणाच्या बाहेरच्या कुंपणाला चिकटून उभे राहू नका. आणि राहिलातच, तर कॉफीच्या कपावर झाकण ठेवा.