वाचकांच्या शंका : ‘योतुन’ म्हणजे खादाड?

प्रश्न : जुन्या नॉर्स (मध्ययुगीन स्कँडिनेव्हियाच्या) कथांमधल्या राक्षसांना ‘योतुन’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ‘खादाड’ असा सांगितला जातो आणि संस्कृत ‘अद्’ (खाणे) या धातूशीही त्याचं नातं जोडतात. हे कितपत पक्कं आहे?

उत्तर : निम्मं. नॉर्स ‘योतुन’ आणि प्राचीन इंग्रजी ‘एओतेन’ हे एकाच शब्दाचे वंशज, याबद्दल वाद नाही. दोन्हींवरून मूळ जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, नॉर्स ज्या कुळातल्या, त्याची आदिभाषा) रूप ‘*एतुनाझ’ असं मांडतात. तारका एवढ्यासाठी की हे रूप कुठेही लिहिलेलं सापडत नाही, ते ध्वनिनियमांनी काढलेलं आहे. नॉर्समध्ये पुढच्या अक्षरात ‘उ’ असला की आधीच्या ‘ए’चा ‘यो’ होई. ‘*एर्थु’ची (पृथ्वी) ‘योर्द’ झाली, तशीच ‘*एतुन-’चा ‘योतुन’.

धातूपर्यंतही वाट सरळ आहे. संस्कृत आणि जर्मानिक यांच्या समान पूर्वज भाषेतला ‘द’ जर्मानिकमध्ये ‘त’ होतो, म्हणून संस्कृत ‘दश’ तिथे इंग्रजी ‘टेन’. याच नियमाने ‘अद्’चं भावंड इंग्रजी ‘ईट’.

घोडं अडतं ते प्रत्ययापाशी. याच धातूचं कर्मणी धातुसाधित होतं ‘*एतनाझ’, म्हणजे ‘खाल्लेला’. त्यात ‘उ’ नाही, आणि खाल्लेला राक्षस काय कामाचा? धातूला ‘-उन-’ लावून ‘करणारा’ असा शब्द घडवणं जर्मानिकमध्ये दुर्मीळ. खादाड म्हणायला प्राचीन इंग्रजीत ‘एतोल’ हा शब्द होताच, ‘-ओल’ या नेहमीच्या प्रत्ययाने बनलेला. मग राक्षसासाठीच हा आडवळणाचा प्रत्यय का, याचं समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं नाही. नुसता आवाज जुळला की व्युत्पत्ती लागली असं समजणारे इथेच फसतात.

अर्थाचा पुरावा दोन्ही बाजूंना ओढतो. ऋग्वेदात भक्षक शत्रूला ‘अत्रिन्’ म्हटलंय; तोही शब्द ‘अद्’वरूनच आला असं मानतात. म्हणजे ‘खाणारा’वरून राक्षस होणं शक्य आहे. पण एड्डा काव्यांतले (जुन्या नॉर्समधली देवकथांची काव्यं) योतुन सगळे नरभक्षक नाहीत, सगळे अवाढव्यही नाहीत. थ्रिम नावाच्या योतुनाच्या लग्नात अख्खा बैल आणि आठ सामन मासे फस्त करतो तो नवरीच्या वेषातला थोर, म्हणजे देव! आमच्या मते धातू ‘खाणे’चा असणं संभवनीय आहे, पण कोशात त्यापुढे ‘बहुधा’ हवंच.

प्रश्न : मग जटलंडचे (मुख्यतः आजच्या डेन्मार्कातलं द्वीपकल्प) ‘ज्यूट’ नावाचे प्राचीन लोक म्हणजेच हे राक्षस का?

उत्तर : नाही. गोंधळ ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी काव्यामुळे होतो. त्यातल्या फिन राजाच्या उपकथेत ‘एओतेना’ हे षष्ठी बहुवचन येतं. ज्यूटांच्या नावात पहिला स्वर दीर्घ, राक्षसाच्या शब्दात ऱ्हस्व, पण इ. स. 1000च्या सुमाराच्या त्या हस्तलिखितात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नेमाने दाखवलेला नाही, त्यामुळे दोन्ही शब्द कागदावर सारखेच दिसतात. बहुतेक अभ्यासक तिथे ज्यूट वाचतात. ओळ 112 मध्ये मात्र काइनच्या (बायबलमधला, भावाचा खून करणारा) वंशातल्या दुष्ट प्राण्यांची यादी आहे, तिथे राक्षसच.

प्रश्न : नॉर्वेतलं ‘योतुनहायमेन’ हे पर्वताचं नाव तितकंच प्राचीन असेल ना?

उत्तर : शब्द प्राचीन, नाव नवं. पुराणकथेतला राक्षसांचा देश ‘योतुनहेइम’ मनात ठेवून कवी ऑस्मुंड ऑलाव्हसन विन्ये यांनी 1862मध्ये हे नाव रूढ केलं. त्याआधी, 1820च्या सुमारास, भूगर्भशास्त्रज्ञ काइलहाऊ यांनी ‘योतुनफ्येल्डेने’, म्हणजे राक्षसांचे डोंगर, असं नाव सुचवलं होतं. तेव्हा या डोंगरांवरून शब्दाच्या उगमाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. जिवंत वंशज हवा असेल तर स्वीडिश ‘येत्ते’ पाहा. तो आज बोलण्यात विशेषणाआधी जोडतात : ‘येत्तेब्रा’, म्हणजे ‘फारच छान’.