बँक माझा पगार आणि नोकरी का विचारते, आणि खरं सांगायचं का?

तुम्ही लिहिलंय की 12 वर्षं जुनं सेव्हिंग खातं आहे, कर्ज मागितलं नाही, क्रेडिट कार्ड नाही, तरी गेले काही दिवस बँकेचं ॲप उघडलं की वार्षिक उत्पन्न किती, काम काय करता, कंपनीचं नाव काय असा फॉर्म समोर येतो, आणि पैसे माझे असताना बँकेला माझ्या पगाराशी काय देणंघेणं. मी 19 वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची 7 वर्षं शाखेत केवायसी (ग्राहकाची ओळख आणि माहिती तपासणं) आणि व्यवहारांचे अलर्ट बघायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने हे कसं दिसतं ते सांगतो. थोडक्यात उत्तर असं की भरा, आणि खरं भरा. पण का भरायचं आणि कुठपर्यंत भरायचं हे कळलं पाहिजे, नुसतं 'साहेब म्हणाले सही करा' असं नको.

हे बँक मॅनेजरच्या डोक्यातून आलेलं नाही. मनी लाँडरिंग रोखायचा कायदा 2002 चा, तो 1 जुलै 2005 पासून लागू झाला, आणि त्याच्या नियमांतच आहे की ग्राहकाचा धंदा-व्यवसाय काय आणि आर्थिक परिस्थिती कशी याची माहिती बँकेने घ्यायची. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांप्रमाणे प्रत्येक खात्याला लो, मीडियम, हाय अशी जोखीम लावावी लागते. हाय रिस्क असेल तर निदान 2 वर्षांतून एकदा, मीडियम 8 आणि लो रिस्क 10 वर्षांतून एकदा माहिती ताजी करायची. तुमचं खातं 12 वर्षांचं आहे म्हणजे 10 वर्षांची मुदत उलटून गेलीय, बहुतेक म्हणूनच तो फॉर्म आलाय. पत्ता, फोन, नोकरी काहीच बदललं नसेल तर 'काही बदल नाही' एवढं स्वतःचं डिक्लेरेशन ॲपवरून दिलं तरी चालतं, त्यासाठी शाखेत रांग लावायची गरज नसते.

आता तुम्ही भरलेला आकडा जातो कुठे, ते बघा. सिस्टीममध्ये तुमच्या नावापुढे व्यवसायाचा कोड आणि उत्पन्नाचा स्लॅब बसतो आणि खात्यात खरंच किती पैसे येतात-जातात ते त्याच्याशी ताडून बघितलं जातं. मेळ बसला नाही की अलर्ट पडतो. सकाळी चहा यायच्या आधी माझ्या स्क्रीनवर ती यादी असायची, एका ओळीत नाव, व्यवसाय, सांगितलेलं उत्पन्न, वर्षातली जमा. आणि मला प्रत्येकापुढे लिहावं लागायचं की हे का झालं. कारण पटलं तर अलर्ट बंद. नाही पटलं तर वर मुख्य कार्यालयात, आणि तिथेही शंका राहिली तर दिल्लीच्या एफआययू कडे, म्हणजे संशयास्पद व्यवहार बघणाऱ्या सरकारी विभागाकडे, रिपोर्ट, आणि असा रिपोर्ट गेला तर ग्राहकाला ते सांगायला कायद्याने मनाई आहे. ही यंत्रणा उगाच नाही हो. फसवणुकीचे पैसे फिरवायला कोणातरी साध्या माणसाचं खातं वापरलं जातं, 5-10 हजार देऊन कॉलेजच्या पोराचं किंवा घरी असणाऱ्या बाईचं खातं 'भाड्याने' घेतात, आणि ज्याची आयुष्याची पुंजी गेली त्याच्या पैशाचा माग अशा खात्यांतूनच लागतो.

पण याच यंत्रणेत साधी माणसं कशी अडकतात तेही मी बघितलंय, आणि बहुतेक वेळा कारण एकच, फॉर्म दुसऱ्याने भरलेला. कराडला असताना एका ताईंचं खातं यादीत आलं. व्यवसाय गृहिणी, उत्पन्न निरंक, आणि वर्षाची जमा 11 लाखांच्या वर, सगळी दोन-तीन हजारांच्या तुकड्यांत, वेगवेगळ्या मुलांच्या नावांवरून यूपीआयने. कागदावर बघितलं तर अगदी भाड्याने दिलेल्या खात्यासारखं चित्र. मी फोन केला तर त्यांना वाटलं फ्रॉडवाल्याचा फोन आहे, त्यांनी कट केला, आणि बरोबरच केलं. मग दुसऱ्या दिवशी स्वतःच आल्या, पिशवीतून जाड पुठ्ठ्याची वही काढली, कडा तेलाने पिवळ्या झालेल्या, आणि टेबलावर उघडली. मेसची वही. डावीकडे पोरांची नावं, पुढे तारखांचे चौकोन, जेवला त्याला टिक, खाडा असेल तिथे फुली, आणि शेवटी कोणाचे किती आले किती राहिले. इंजिनिअरिंगची 30-35 पोरं जेवायला. पूर्वी सगळं रोख यायचं, दारावर क्यूआर चिकटवला तेव्हापासून खात्यात दिसायला लागलं.

मी त्यांचा मूळ फॉर्म काढला. अक्षर आमच्याच शाखेतल्या कोणाचं तरी. खातं उघडायला त्या मिस्टरांबरोबर आल्या होत्या, 'काय करता' असं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, बाईमाणूस दिसली की गृहिणी लिहायचं आणि पुढे निरंक. पहाटे साडेचारला उठून 35 जणांचा स्वयंपाक करणारी बाई, आणि बँकेच्या लेखी तिचं उत्पन्न शून्य. हे मला तेव्हाही फार लागलं होतं आणि आजही लागतं. व्यवसाय बदलून घेतला, स्वतःचा धंदा, खानावळ. उत्पन्नाच्या रकान्याशी अडलो, त्या म्हणाल्या 11 लाख लिहू का. इथे खूप जण चुकतात म्हणून नीट सांगतो, खात्यात आलेले सगळे पैसे म्हणजे उत्पन्न नाही. किराणा, भाजी, गॅस, हाताखालच्या दोघींचा पगार वजा करून वर्षाला 3 लाखांच्या आसपास हातात राहत होतं, ते उत्पन्न. 11 लाख ही उलाढाल, आणि बऱ्याच फॉर्ममध्ये उलाढालीचा रकाना वेगळा असतो, तिथे ती लिहायची. तो अलर्ट मी त्याच दिवशी बंद केला. पुढच्या वर्षी त्यांना मोठ्या फ्रीजसाठी कर्ज पाहिजे होतं, तेव्हा व्यवसायाचा कोड आणि खात्याचा उतारा एकमेकांशी जुळत होते, 'तुम्ही तर गृहिणी आहात' असं कोणी म्हणू शकलं नाही.

म्हणून म्हणतो, कमी लिहिलं म्हणजे सेफ हा समज डोक्यातून काढा. लोकांना वाटतं इथे लिहिलेला आकडा आयकरवाल्यांकडे जातो. त्यांच्याकडे बँकेकडून जातात ते व्यवहार, म्हणजे सेव्हिंग खात्यात वर्षभरात 10 लाख किंवा जास्त रोख भरली, 10 लाख किंवा जास्तीची एफडी केली, व्याज किती मिळालं, असं. ते तुम्ही स्लॅब कुठलाही टिक केलात तरी जातंच. उलट 'एक लाखापेक्षा कमी' वर टिक केलंत आणि महिन्याला 60 हजार पगार येतोय तर विसंगती तुम्हीच तयार केलीत. शेतकऱ्यांनी तर बिनधास्त शेती लिहावं, शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, आणि उसाचं बिल एकदम आलं की 'शेती' या एका शब्दाने निम्मे प्रश्न मिटतात. जमीन किंवा फ्लॅट विकून मोठी रक्कम येणार असेल तर आधीच शाखेत सांगून ठेवा आणि इंडेक्स टू ची (विक्रीच्या नोंदणीचा उतारा) झेरॉक्स जवळ ठेवा. नोकरी सुटली असेल तर तेही सांगा, त्यात लाजायचं काही नाही, सॅलरी अकाउंट असेल तर पगार यायचा बंद झाल्यावर ते साध्या सेव्हिंगमध्ये जातं आणि मिनिमम बॅलन्सचा दंड लागू शकतो, ते आधी कळलेलं बरं.

आता कुठे थांबायचं. बँकेने स्वतःच्या केवायसी धोरणात ठरवलेली माहिती द्यावीच लागते, त्याच्या पलीकडची माहिती ऐच्छिक आणि ती तुमच्या स्पष्ट संमतीनेच घेता येते. खात्यासाठी घेतलेली माहिती गोपनीय ठेवायची, तुम्ही परवानगी दिल्याशिवाय विमा-कार्ड विकायला वापरायची नाही, हेही रिझर्व्ह बँकेच्याच नियमांत आहे. घरात कमावणारे किती, गाडी कुठली, दुसऱ्या बँकेत एफडी किती, म्युच्युअल फंड आहे का, असले प्रश्न सेव्हिंग खात्याच्या फॉर्ममध्ये दिसले तर सरळ विचारा की हे केवायसीसाठी सक्तीचं आहे का. साध्या खात्याला पगाराची स्लिप मागितली तरी कारण विचारा, एरवी स्वतःचं डिक्लेरेशन पुरतं. आणि माहिती दिल्यावर आठवड्यात पॉलिसीवाल्यांचे फोन सुरू झाले तर शाखेला लेखी तक्रार द्या, पोच घ्या, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, एक पैसा लागत नाही.

आणि हे सगळं फक्त बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा शाखेत जाऊन. 'केवायसी अपडेट करा नाहीतर आज रात्री खातं बंद' असा फोन आला, व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली, तर काहीही उघडू नका. केवायसीची मुदत संपायच्या आधी बँकेने निदान 3 वेळा कळवायचं आणि त्यात एक तरी पत्र पाहिजे, मुदत गेल्यावरही तशीच 3 स्मरणपत्रं, हा रिझर्व्ह बँकेचा 2025 चा नियम आहे, रातोरात काही होत नाही. चुकून माहिती दिलीच गेली तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला सांगून खातं थांबवा.

तुमच्या फॉर्ममध्ये कंपनीच्या नावाचा रकाना आहे तिथे पगाराच्या एन्ट्रीत जे नाव येतं तेच लिहा, कंत्राटदाराकडून पगार येत असेल तर कंत्राटदाराचं. आणि सबमिटच्या वर बारीक अक्षरात ऑफर्ससाठी संपर्क करायला संमती असा चौकोन असतो, कधी कधी त्यात आधीच टिक असते, ती काढा आणि मग बटण दाबा.